डाव्या बाजूची भाजी

एका गावात एक घर होतं आणि त्या घरात बारा महिने तीनच भाज्या शिजत: वांगं, बटाटा आणि पिठलं. पिठलं ही काही भाजी नव्हे, असं कुणी म्हटलंच तर सासरे विचारत, “मग काय फळ आहे?” आणि विषय तिथेच संपे.

अशा घरात डोंगराकडच्या गावातून नवी सून आली. तिच्या माहेरी ऋतू बदलला की पानातला रंग बदलायचा. म्हणून आईने रुखवतात लाडू-चकल्यांच्या शेजारी करटोल्याचे कंद आणि एक मातकट, ओबडधोबड सुरणही मांडला होता. सासरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. “रुखवतात धोंडा कशाला गं?” असं एकीने विचारलंसुद्धा.

निघताना आईने लेकीला जवळ घेऊन सांगितलं, “नवी भाजी उजवीकडे वाढू नकोस, बाई. डावीकडे वाढ, चटणीएवढी. उजवीकडे कधी जायचं ते तिचं तिला ठरवू दे.”

सुनेने परसात करटोल्याचे कंद आणि सुरण लावला. श्रावणात करटोल्याचा वेल काटेरी हिरव्या फळांनी लगडला. तिने काचऱ्या परतल्या आणि प्रत्येकाच्या पानात डावीकडे चिमूटभर वाढल्या. सासऱ्यांनी त्या बोटाने ताटाच्या कडेला सारल्या. सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, काटे तरी काढायचे होतेस त्याचे!” नवऱ्याने तर त्यांना हातही लावला नाही.

मोठ्या जाऊबाईंची पाच वर्षांची लेक मात्र वाकून बघत राहिली.

“काकू, हे काय आहे?”

“करटोलं.”

“चावतं का?”

“नाही गं. आपणच त्याला चावायचं.”

पोरगी खुदकन हसली आणि तिने एक काचरी तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशी तिने दोन मागितल्या. वेल सुकत आला तेव्हा एकदा ती ताट पुढे करून म्हणाली, “काकू, मला उजवीकडे वाढ.” सुनेला वाटलं, आज या घरात आपल्यालाच कुणी पाट दिला.

इथेच ती थांबली असती तर बरं झालं असतं.

दिवाळी आली. परसातला सुरण खणायला झाला. भाऊबीजेला भाऊ माहेरी न्यायला यायचा होता, आणि गेल्या गेल्या आईला सांगावं, की आमच्याकडे सगळे सुरण खातात, असं तिच्या फार मनात होतं. डावीकडून उजवीकडे यायला मात्र हातात तेवढे दिवस नव्हते. मग तिने सुरण सोलला, बटाट्यासारख्या फोडी केल्या आणि बटाट्याची म्हणून पिवळी भाजी करायला घेतली.

सुरण चिंचेच्या पाण्यात उकडावा लागतो, नाहीतर घसा खवखवतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण या घरच्या बटाट्याच्या भाजीत चिंच कधी पडत नसे. पहिल्याच घासाला बिंग फुटलं असतं. चिंचेचा गोळा हातात घेऊन ती क्षणभर उभी राहिली आणि तिने तो परत बरणीत टाकला. चांगला मऊ तर शिजलाय, काय होतंय, असं तिने स्वतःलाच समजावलं.

पानं मांडली. पुतणीने विचारलं, “काकू, बटाटाच ना?”

“हो गं, बटाटाच.”

मग कुणी काही विचारलं नाही. सासरे तर म्हणाले, “आज बटाटा झकास जमलाय,” आणि त्यांनी पुन्हा वाढून घेतली. दाराआड सुनेचा चेहरा फुलला.

तो फार वेळ फुललेला राहिला नाही. आधी सासरे खाकरले, मग नवरा, आणि मग पुतणी गळा धरून रडायला लागली. “काकू, टोचतंय! बटाटा टोचतोय!” जाऊबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. काय खाल्लं पोरीने, कुणालाच कळेना. शेवटी सुनेलाच पुढे व्हावं लागलं. “सुरण आहे तो. तिला चिंच चोखायला द्या.”

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे घसे निवले. कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर सोसायला सोपं गेलं असतं. सासरे एवढंच म्हणाले, “सुरण म्हणून वाढला असतास तर मी खाल्ला नसता, हे खरं. पण पानात तरी राहिला असता.”

माहेरी आईने विचारलं, “खातात का गं?” लेकीने मान खाली घातली.

परत आल्यावर तिने खराखुरा बटाटा केला. पुतणीने ताटाकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या आईला हळूच विचारलं, “आई, तू सांग. बटाटाच आहे ना?”

पुढच्या पावसाळ्यात वेल पुन्हा लगडला. सुनेने पुतणीच्या पानात उजवीकडे करटोली वाढली.

“खरंच करटोलं आहे?”

“खरंच.”

पोरीने जरा विचार केला आणि आजोबांसारखी ती बोटाने ताटाच्या कडेला सारली.

दुसऱ्या दिवसापासून सुनेने पुन्हा डावीकडे वाढायला सुरुवात केली, चटणीएवढी. आता तर करटोल्याबरोबर तिला स्वतःलाही उजवीकडे यायचं होतं, आणि त्याला किती पावसाळे लागतील, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं.

तात्पर्य: नवी चव खऱ्या नावानेच वाढावी. खोट्या नावाने ती पोटात जाईलही, पण वाढणाऱ्या हातावरचा विश्वास पानाबाहेर पडतो.