बोडका मंडप

देवळापुढचे हे खांब बघता ना? नुसते खांब, वर छप्पर नाही. पैसे संपले असे समजू नका. छप्पर होते, आम्हीच उतरवले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण आमच्या कासारखोलात ही मूठ पाहुण्यांसमोर उघडायचीच, असा दंडक आहे.

फार मागे साबाजी गावकर इथले प्रमुख मानकरी होते. डोंगरापलीकडच्या भेरंडे गावाने आपल्या देवीला मंडप बांधला, तो साबाजींच्या डोळ्यांत खुपला. आपला त्याहून मोठा हवा! लाकूड कुठले? तर देवीच्याच राईतले. रिवाजाप्रमाणे गुरवाने कौल लावला. देवीने डावा दिला, म्हणजे नकार. साबाजींनी पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा डावा. मग म्हणे उजवा पडेपर्यंत कौल लावत राहिले. थकून आईनेही कधीतरी हट्टी पोराला हो म्हणावे, तसा शेवटी उजवा पडला. साबाजींना तेवढेच पुरे होते.

राई तुटली, मंडप उभा राहिला. पुढे पावसाळा आला तसा गेला. पाणी डोंगरावर थांबलेच नाही. त्याला धरून ठेवणारी मुळे कुठे उरली होती? शिमग्याआधीच देवीचा झरा आटला. त्यातच साबाजींची सून बाळंत झाली आणि घरात घोटभर पाणी नाही. ज्या गावाचे नाक कापायला निघाले होते, त्याच भेरंड्याला साबाजी स्वतः घागर घेऊन गेले.

तिथे विहिरीत उतरून बायका करवंटीने तळ खरवडत होत्या. तेव्हा साबाजींना कळले म्हणे, की ती विहीरही आपल्याच राईवर जगत होती. त्यांनी बाळंतिणीसाठी पाणी मागितले, तेव्हा कुणी एका शब्दाने दोष दिला नाही. येसूबाई नावाच्या म्हातारीने आपली घागर त्यांच्या घागरीत रिती केली.

"आधी तुमका. तुमच्याकडे बाळंतीण आसा."

शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे साबाजी मरेपर्यंत म्हणत. त्यांनी पागोटे तिथेच काठावर ठेवले. सून वाचली, बाळ वाचले. दुसऱ्या दिवशी साबाजींनी स्वतःच्या हाताने मंडपाचे छप्पर उतरवले आणि राईत वाळकी काटकीही उचलणार नाही, अशी शपथ घेतली. झरा परत वाहिला तो त्यांच्या नातवाच्या म्हातारपणी. तोडायला एक उन्हाळा पुरला होता.

आजही इथे कौल एकदाच लावतात. आजही जत्रेच्या सकाळी आमचा मानकरी गावकर बोडक्या डोक्याने भेरंड्याला जाऊन घागरभर पाणी मागतो आणि राईतल्या रोपांना घालतो. आता झरा भरून वाहतो, तरी मागायचेच. भेरंड्याच्या बायका घागर भरताना एवढेच विचारतात, "बाळंतीण बरी आसा मां?"

"बरी आसा," म्हणायचे असते. इतक्या पिढ्या झाल्या, पण मान वर करून हे उत्तर देणारा गावकर आमच्यात अजून निपजलेला नाही.