सशाने श्वास कोंडला

डोंगरउतारावरच्या एका रानात, करवंदीच्या जाळीखाली, एक ससा राहत असे. धावण्यात त्याचा हात धरणारा तिथे कोणी नव्हता, पण एका गोष्टीची त्याला फार लाज वाटे. मुलांनो, सशांची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. संकटाची चाहूल लागली की कान पाठीला चिकटवायचे आणि गवतात दगडासारखे पडून राहायचे. आपल्या सशालाही हे सारे जमे, फक्त त्याचे काळीज गप्प बसत नसे. ते असे काही धडधडे, की साऱ्या रानाला ऐकू जात असेल असे त्याला वाटे. शेजारच्या गवतात एक लावी, म्हणजे मातकट रंगाची इवलीशी पक्षीण, अंडी उबवत बसलेली असे. तिच्यापाशी तो रोज कुरकुरे, की हे घरभेदी काळीजच एक दिवस माझा घात करणार.

अखेर त्याने एक उपाय शोधला. श्वासच घेतला नाही तर छाती हलणार नाही, आणि छाती हलली नाही तर काळीजही मुकाट बसेल. लावी म्हणाली, "काळजाचे तोंड दाबायला निघालास, पण ते कोणासाठी धडधडते हे आधी बघ." सशाला हसू आले. दिवसभर एका जागी बसणारीने धावणाऱ्याला शहाणपण शिकवावे, हे त्याला काही पटले नाही.

एका दुपारी कोल्हा हुंगत हुंगत त्याच गवतात शिरला. ससा भुईसरपट झाला आणि त्याने श्वास कोंडून धरला. क्षणभर बरे वाटले. मग काळीज पूर्वीपेक्षा जोरात ठोके देऊ लागले. ससा चिडला आणि त्याने नाक-तोंड आणखीच घट्ट मिटले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय! त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कोल्हा एका झेपेच्या अंतरावर आला, तरी पळायचे पाय गारठल्यासारखे पडून राहिले. आता आपण संपलो, असे त्याला वाटले.

लावीचे सगळे घर त्या गवतात होते. आवाज केला तर कोल्हा तिच्याकडेच वळणार, हे तिला कळत होते. तरीही ती बोलली. "अरे वेड्या, श्वास घे. पळायचे नंतर बघ, आधी श्वास घे."

कोल्ह्याचे कान तिच्याकडे वळले. तेवढ्यात सशाने तोंड उघडून मोठा श्वास घेतला, मग आणखी एक घेतला. पायांत ऊब उतरली. तो कोल्ह्याच्या नाकासमोरूनच उसळला आणि चढाच्या बाजूने सुटला. कोल्हा लावीला विसरून त्याच्यामागे लागला खरा, पण अर्ध्या चढावरच त्याची जीभ बाहेर आली आणि तो आल्या वाटेने निघून गेला. सशाचा जीव भांड्यात पडला.

ऊन कलल्यावर तो परतला. लावी आणि तिची अंडी सुखरूप होती. ते पाहून त्याला हायसे वाटले. मग त्याने मान खाली घालून विचारले, की माझे पाय एवढे लुळे का पडले?

लावी म्हणाली, "छातीतली फुफ्फुसे ताजी हवा घेतात, रक्त ती उचलते आणि हृदय ते रक्त वाहिन्यांतून पार नखापर्यंत पोचवते. तू हवेचे दारच लावलेस. मग बिचाऱ्या काळजाने कितीही जोर लावला तरी पायांना काय मिळणार? ते तुझी चुगली करत नव्हते रे, तुझ्या पायांसाठी राबत होते."

सशाने छातीवर पंजा ठेवला. आत धडधड चालूच होती. "चालू दे बाबा तुझे," तो हळूच म्हणाला, आणि पोटभर श्वास घेऊन कोवळे गवत खाऊ लागला.

तात्पर्य : जे एकमेकांच्या साथीने चालतात, त्यांच्यातल्या एकाची वाट अडवली तर सगळेच अडतात, म्हणून राबणाऱ्याच्या आवाजाला दोष देऊ नये.