फेंगड्या पावलांची गौराई

एक होतं नगर. नगराला राजाही होता, पण तो झोपलाय, त्याला झोपू दे. आपली गोष्ट आहे त्याच नगरातल्या शेवंतीची. मनवा, नाक पूस आधी आणि ऐक.

शेवंती होती तुझ्याएवढीच, आठ वर्षांची. तिची आई रांगोळी काढायची. मोर काढला, तर लोक वळसा घालून जायचे, शेपटीवर पाय पडेल म्हणून! आणि भाद्रपदात गौराई यायची ना, तेव्हा दारापासून देवघरापर्यंत तिची पावलं आईच काढायची. त्या पावलांवर पाय ठेवत गौराई घरात यायची. खरीखुरी, बरं का.

पण एका वर्षी आई तापानं अंथरुणाला खिळली. वैद्य आले, काढे झाले, ताप काही हटेना. शेवटी वैद्य म्हणाले, "आता गौराईनंच कपाळावर हात ठेवला तर."

मग शेवंतीला कळलं, पावलं आपल्यालाच काढायची आहेत. दारापासून थेट आईच्या अंथरुणापर्यंत. आणि तीही दिवेलागणीच्या आत, कारण दिवे लागले की गौराई पुढच्या घरी निघून जाते.

मग ती रांगोळीची वाटी घेऊन उंबऱ्याशी बसली. चिमटीनं पहिलं पाऊल काढलं. करंगळी तिरकी झाली. आईची करंगळी कशी, भाताच्या शितासारखी! पुसलं. मग दुसऱ्यांदा काढलं. टाच फुगली. पुसलं. वाटी अर्धी झाली, अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, आणि पाऊल एकही नाही. मग तिसऱ्यांदा काढलं. हे तर अगदीच फेंगडं! शेवंतीला रडू फुटलं. तिनं ओलं फडकं उचललं, आणि तेवढ्यात...

"अगं, थांब थांब! पडेन मी!"

शेवंतीनं वर पाहिलं. दारात हिरव्या शालूतली, नथ घातलेली बाई. दाराची चौकट घट्ट धरलेली, एक पाय जमिनीवर, दुसरा हवेत. गौराई!

"केव्हाची अशी उभी आहे," गौराई म्हणाली. "पाय टेकवायला जाते, तर तू पाऊल पुसतेस. ठेवू कुठं?"

"पण हे फेंगडं झालंय. आईसारखं नाही आलं."

"आईसारखं? तुझ्या आईनं पहिल्यांदा काढली ना, ती पावलं नव्हतीच मुळी. बेडूक होते! दारापासून देवघरापर्यंत नुसते बेडूक. तरी आले की नाही मी? काढ बाई लवकर, पाय अवघडला माझा."

मला ना, त्या पोरीचं फार कौतुक वाटतं. फडकं तिनं लांब भिरकावलं. मग काढतच सुटली. तिनं पाऊल काढायचं, की मागून गौराईनं त्यावर पाय ठेवायचा. वळून बघायला सवडच नाही! पाऊल तिरकं, तर गौराईचा पायही तिरका. बदकासारखी डुलत चालली ती, पण चालली.

वाटी रिकामी झाली, तेव्हा शेवंती आईच्या अंथरुणाशी पोचली होती. शेवटचं पाऊल बरं आलं होतं. बरं म्हणजे, चांगलंच बरं. मग गौराईनं आईच्या कपाळावर हात ठेवला, आणि ताप उतरला. बाहेर दिवे लागले.

आईनं डोळे उघडले. पावलं बघितली, एकूण एक.

"आई, पुसू का गं?" शेवंतीनं विचारलं.

"खबरदार हात लावलास तर!" आई म्हणाली.

मग दरवर्षी शेजारणी दारात विचारायच्या, "गौराई कशाच्या पावलांनी आली?" सगळीकडे उत्तर एकच, सोन्याच्या पावलांनी. या घरात मात्र आई ठणकावून सांगायची, "फेंगड्या पावलांनी!" मोठेपणी शेवंतीची पावलं आईहून देखणी झाली. पण उंबऱ्यावरचं पहिलं ती मुद्दाम फेंगडंच काढायची. मायलेकी खूप वर्षं सुखात राहिल्या.

चला, पाय पांघरुणात घ्या सगळ्यांनी. आणि मनवा, संध्याकाळी तू चुरगाळून फेकलास ना, तो कागदावरचा घोडा मी उचलून उशीखाली ठेवलाय. तीनच पाय आहेत त्याला, पण उभा आहे बिचारा. चौथा उद्या काढ. आता डोळे मीट.