अर्ध्या खोप्यांची शाळा

त्या मुलखात काठ दोन होते आणि शिकायची जागा मात्र एकाच काठावर होती. पलीकडे एक महावृक्ष उभा होता. त्याच्या सावलीत पांढरेशुभ्र बगळे एका पायावर उभे राहून जगातले सगळे ज्ञान सांगतात, असे अलीकडच्या काठावर सर्वांनी ऐकले होते. मधे नदी होती. ती इतकी रुंद होती की धुके असले म्हणजे तिला दुसरा काठ नाहीच असे वाटे, आणि त्या मुलखात धुके बहुतेक वेळा असे.

वर्षातून एकदा वारा पडे. त्या दिवशी अलीकडची पिले काठावर जमत आणि पलीकडे झेपावत. ज्यांचे पंख लांब ती पोचत. आखूड पंखांची अर्ध्या वाटेवर दमत, आणि मग त्यांच्याबद्दल कोणी बोलत नसे. जी पिले उडतच नसत ती आईबापांना येई तेवढेच शिकून मोठी होत. सुतार पक्ष्याचे पिलू लाकूड टोचायला शिके, शिंपिणीचे पाने शिवायला शिके, आणि एकाचे दुसऱ्याला काही ठाऊक नसे. यात काही चुकते आहे असे कोणाच्या मनातही येत नव्हते. दुरून डोंगर साजरे, ही म्हण त्या मुलखात नव्हती, कारण तिथे डोंगरच नव्हते.

अलीकडच्या काठावर एक वाकडी बाभूळ डोहावर ओणवली होती. तिच्यावर लव्हाजी नावाच्या सुगरण पक्ष्याची लहानशी शाळा होती. सुगरण म्हणतात खरे, पण खोपा विणतो तो नर. कष्ट याचे आणि नाव बाईचे, याबद्दल लव्हाजीची तक्रार जुनी होती, आणि त्याची बायको कुसळाबाई ती ऐकून न ऐकल्यासारखे करी. बाभळीवर चारदोन खोपे लोंबत होते. त्यांत बसून पिले गवताची गाठ मारायला शिकत आणि झुलता झुलता वाऱ्याचा अंदाज घ्यायला शिकत. कोणाचेही पिलू तिथे येऊ शके. पंख मोजण्याची पद्धत नव्हती. पण येणारी पिले बहुधा सुगरणींचीच असत, आणि लव्हाजीला ते मनातून खुपत असे.

एका सकाळी टिटवी आली. ती झाडावर बसणारी नव्हे, म्हणून बाभळीखालच्या चिखलात उभी राहून तिने वर हाक मारली.

"लव्हाजीभाऊ, आहेस का रे?"

"आहे की. वरच आहे. काय झालं टिटवीताई?"

"माझी रेवा ऐकंना झालीय. यंदा वारा पडला की निघते म्हणतीय. तिचे पंख तू बघितलेस ना? गेल्या साली थोरली गेली, ती गेलीच. आता हिलाबी घालवू का मी?"

टिटवीचा आवाज एरवी सगळ्या माळाला नकोसा होई. त्या दिवशी तो इतका बारीक होता की लव्हाजीला मान खाली करून ऐकावा लागला. त्याचीही पहिल्या वेळची दोन पिले अशीच धुक्यात गेली होती, आणि कुसळाबाई अजून कधीमधी नदीकडे पाठ करून बसे.

"तू तिला इथं पाठव," तो म्हणाला. "वारा पडायच्या आत मी इथं एवढी मोठी शाळा उभी करतो की पलीकडं जायचं कोणाच्या मनात येणार नाही."

बोलण्यात लव्हाजी मागे पडणारा नव्हताच, आणि कामातही नव्हता. त्या दिवसापासून तो विणू लागला. शिंदीच्या पानांचे धागे काढून, लव्हाळ्याची पाती चिरून, चोचीत चिखल आणून त्याने खोप्यामागून खोपा पुरा केला. प्रत्येकाला गोल पोट, लांब नळी, आत मऊ अस्तर. एक संपला की दुसरा. थोड्याच दिवसांत बाभूळ खोप्यांनी अशी लगडली की तिचे काटे दिसेनासे झाले. सकाळच्या धुक्यात ते सगळे खोपे हळूहळू झुलत, आणि लव्हाजीला वाटे, महावृक्ष म्हणतात तो असाच असला पाहिजे. मग त्याने सगळ्या मुलखाला निरोप धाडला की शाळा तयार आहे, या.

सगळे आले. सुतार आला, त्याने एका खोप्यावर चोच आपटली, आवाज आला नाही म्हणून तोंड वाकडे करून निघून गेला. शिंपीण आली, "छान आहे हो," म्हणाली, आणि छान आहे म्हणणारे जसे परत येत नाहीत तशी परत आली नाही. शेवटी रेवा आली. आईच्या शब्दासाठी आली. तिने चिखलातून उडी घेऊन नळीत डोके घातले, पण तिच्या लांब पायांना धरायला मागे बोटच नव्हते. ती घसरली आणि चिखलात उताणी पडली. फांदीवरची सुगरणीची पिले हसली. रेवा उठली, तिने पंख झाडले आणि लव्हाजीकडे पाहून सरळ म्हणाली, "काका, ही शाळा तुमच्यापुरतीच आहे. मी पलीकडं जाणार."

पोर राहावी म्हणून लव्हाजीने एवढा खटाटोप केला, आणि तिचे जाणे त्यानेच पक्के केले होते. तो दिवसभर रिकाम्या खोप्यांमधून फिरत राहिला. वारा आला की ते सगळे एकदम एका बाजूला कलत, आणि त्यांच्यात कोणी नाही हे लांबूनही कळे.

"हात दाखवून अवलक्षण," कुसळाबाई शेजारच्या फांदीवर येऊन बसत म्हणाली. "बोलू का एक?"

"बोल. आज तूही बोलून घे."

"मी तुमच्याकडं आले तेव्हा खोपा केवढा होता?"

सुगरणींची रीत लव्हाजीला कोणी सांगायला नको होती. नर खोपा अर्धाच विणतो, टोपी उलटी टांगावी तेवढा, खाली उघडा. मग त्याला लोंबकळून पंख फडफडवत राहतो. मादी येते, धागे ओढून पाहते, आत बसून पाहते. तिला पटले तरच पुढचा अर्धा विणायचा, तोही तिची चोच जिथे म्हणेल तिथे वळवून. नाही पटले तर ती उडून जाते आणि खोपा अर्धाच राहतो. मोसम संपल्यावर बाभळीला असे कितीतरी अर्धे खोपे लटकलेले दिसत आणि त्यात कोणाला लाज वाटत नसे.

"अर्धा होता म्हणून मी थांबले," कुसळाबाई म्हणाली. "पुरा असता तर छान आहे म्हणून गेले असते, त्या शिंपिणीसारखी. एवढे खोपे विणलेत, आणि एकदा तरी थांबून कोणाची वाट बघितलीत का?"

दुसऱ्या दिवशी धुके दाट होते. त्या धुक्यात लव्हाजी आपल्याच खोप्यांना लोंबकळला आणि ते खालून उसवू लागला. नळ्या गळून पडल्या, पोटे उघडी झाली. चांगल्या विणीचा धागा ओढून काढताना जिवावर येते, आणि लव्हाजीच्या तर डोळ्यांना पाणी आले. कुसळाबाईने ते पाहिले. तिने निघालेले गवत गोळा केले, एवढेच.

ते गवत चोचीत घेऊन लव्हाजी प्रथम सुताराच्या वठलेल्या उंबरावर गेला. तिथल्या ढोलीच्या तोंडाशी त्याने अर्धी टोपी विणली आणि सुगरणींच्या रिवाजाप्रमाणे तिला लोंबकळून पंख फडफडवू लागला.

"हे काय चाललंय?" सुतार कडाडला. "माझ्या झाडावर तुझी जळमटं कशाला?"

"तुला नको असेल ते काढ, काका."

सुताराने खरोखरच काढले. एका झटक्यात निम्मी वीण उपटून खाली टाकली आणि लव्हाजीकडे पाहत राहिला. तो चिडेल, भांडेल, याची वाट पाहत असावा. लव्हाजीचा जीव जळत होता. पण तो उडाला, पडलेले गवत उचलून पुन्हा वर आला आणि पुन्हा तितकेच विणून थांबला. असे बऱ्याचदा झाले. शेवटी सुतार दमला, किंवा त्याला कंटाळा आला, किंवा आणखी काही झाले.

"यातलं काय ठेवायचं ते मी ठरवणार?"

"तूच."

"आणि तोंड वरच्या अंगाला पाहिजे. खाली नाही."

खोप्याचे तोंड वर, हे ऐकून लव्हाजीच्या अंगावर काटा आला. पाऊस थेट आत येईल, बापजाद्यांनी असले कधी पाहिले नव्हते. "वर तर वर," तो म्हणाला. सुताराने वरच्या बाजूने लाकूड कोरले, पाऊस अडवायला एक ढलपी तिरकी ठेवली, आणि निम्मे गवताचे निम्मे लाकडाचे असे काहीतरी तयार झाले. ते खोपाही नव्हते आणि ढोलीही नव्हती. सुताराची पिले त्यात बसून गवताची गाठ शिकू लागली. मग बाभळीवरची पिलेही तिकडे उडून जाऊ लागली, कारण लाकडाला कान लावून आत काय आहे ते ओळखायला सुताराशिवाय कोण शिकवणार?

शिंपिणीकडे तर त्याला फडफडावेही लागले नाही. सुताराकडे काय चालले आहे ते तिने पाहिले होते. तिने स्वतःच एक पान अर्धे शिवून ठेवले होते आणि त्याची वाट पाहत होती.

दिवस धुक्यात मिसळत गेले. शाळा कोठून सुरू होते आणि कोठे संपते हे सांगणे अवघड होऊ लागले. एखादे पिलू सकाळी बाभळीवर दिसे, दुपारी उंबरावर, संध्याकाळी पानाच्या शिवलेल्या घडीत झोपलेले. लव्हाजीला कधी कधी आपण कुठे बसलो आहोत हेही उमगत नसे. पण त्याच्या मनाला स्वस्थता नव्हती. वारा मंद होत चालला होता, आणि रेवा रोज नदीच्या काठी जाऊन पंख पसरून उभी राहत होती.

टिटवीच्या माळावर तो सगळ्यांत शेवटी गेला, कारण तिथे त्याला भीती वाटत होती. तिथे झाड नव्हते. लोंबकळायला काही नव्हते. नुसती रेती, गोटे आणि वरून मोकळे आभाळ. त्याने गवताची एक चटई विणली, अर्धीच, आणि तिच्याशेजारी जमिनीवर उभे राहून पंख फडफडवले. जमिनीवर फडफडणारा सुगरण फार केविलवाणा दिसतो. रेवा लांबून पाहत होती. ती हसली नाही.

"वाऱ्यानं उडून जाईल ती," ती जवळ येऊन म्हणाली.

"जाईल खरी. काय करू?"

"मला काय विचारता?"

"मग कुणाला विचारू, बाई? जमीन तुमची. मला तर इथं नीट उभंही राहता येत नाही."

रेवाने एक गोटा चोचीने ढकलत आणला आणि चटईच्या कडेवर ठेवला. आणखी एक आणला. संध्याकाळपर्यंत ती ढकलत राहिली. ती राहणार की जाणार, हे तिने सांगितले नाही, आणि लव्हाजीला विचारायचा धीर झाला नाही. टिटवी देखील समुद्र आटवते, असे म्हणतात. पण टिटवीची मुलगी काय करील हे कोणी सांगितलेले नाही.

आणि एका पहाटे वारा पडला.

पानही हलत नव्हते. बाभळीवरचे अर्धे खोपे सरळ खाली लोंबत होते. टिटवी चिखलातून धावत आली. "घरात नाही. भाऊ, घरात नाही ती."

लव्हाजी उडाला. खाली टिटवी धावत होती आणि वर तो होता. धुक्यात त्याला तिचा आवाज तेवढा ऐकू येत होता. काठ आला. दरवर्षी या दिवशी इथे पिलांची रांग असे, पंखाला पंख लागलेला असे. आज दोनचार लांब पंखांची पिले तेवढी होती, आणि ती खुशीत होती. तेवढ्यात ती उडाली. त्यांत रेवा नव्हती. लव्हाजीने पाण्यावर नजर टाकली आणि त्याला ओरडावेसे वाटले, पण कोणाच्या नावाने ओरडायचे ते कळेना. त्याला आपली पहिली दोन पिले आठवली. त्यांना हाक मारायलाही तेव्हा उशीर झाला होता.

"भाऊ!" टिटवीचा आवाज माळाच्या बाजूने आला. तो तिचा नेहमीचा आवाज होता, सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असा.

तो वळला. माळावर, पाण्याला लागून, रेवा उभी होती. चटई केव्हाच गोट्यांखाली गेली होती. तिच्याभोवती गोट्यांचे कडे मांडलेले होते आणि त्यात सुताराचे एक पिलू, सुगरणीची दोन आणि शिंपिणीचे एक अशी जमिनीला पोट टेकून चूप बसली होती. उघड्यावर असून कोणाला दिसायचे नाही, हे टिटव्यांनाच येते, आणि ती त्यांना ते शिकवत होती. कडे अर्धेच होते. नदीकडची बाजू तिने मोकळी ठेवली होती.

टिटवी थबकली. लव्हाजी रेतीवर उतरला आणि तिच्याशेजारी उभा राहिला. दोघेही पुढे गेले नाहीत.

तेव्हा धुक्यातून पंखांचा आवाज आला. तो पलीकडून इकडे येत होता, म्हणून प्रथम कोणाला ओळखू आला नाही. एक कोवळा बगळा, पाय ओले, मान थकलेली, पाण्याच्या कडेला उतरला. पलीकडचे कोणी या काठावर आल्याचे लव्हाजीने कधी पाहिले नव्हते. बगळ्याने आत बसलेल्या पिलांकडे पाहिले, मोकळ्या बाजूकडे पाहिले, आणि आपली लांब चोच वाकवून पाण्यातला एक गोटा उचलला.

तो कुठे ठेवायचा, हे रेवाने सांगितले नाही. ती थोडी बाजूला सरकली.