गाळणीतला भोपळा

देवझरी गाव पावसाचं साठवलेलं पाणी पीत असे. टाक्याच्या तोंडाशी वाळू-कोळशाची मोठी गाळणी होती आणि ती दर महिन्याला उपसून धुण्याची जबाबदारी विसाजीपंत दिवाणांकडे होती.

यंदा टाक्याचं पाणी गढूळ झालं आणि घरोघरी पोटं बिघडली. वैद्यीण म्हाळसाबाईंनी राजांच्या दरबारात तक्रार केली. पंत ताडकन म्हणाले, "दर अमावास्येला मी स्वतः उभा राहून गाळणी धुऊन घेतो. परवाच धुतली. काडीसुद्धा शिल्लक नव्हती. यांचं औषध लागू पडत नाही, म्हणून या पाण्याला नावं ठेवतात."

म्हाळसाबाईंनी वाद घातला नाही. त्या राजांना आणि पंतांना गाळणीपाशी घेऊन गेल्या. गाळावर वेल पसरला होता आणि मधोमध घागरीएवढा लाल भोपळा ऐटीत बसला होता.



"महाराज, पंत खोटं कशाला बोलतील?" म्हाळसाबाई म्हणाल्या. "परवा काडी नव्हती आणि आज एवढा भोपळा आहे. अशा माणसाला गाळणीवर वाया घालवू नका. शेतीखातं द्या."

राजांनी फावडं मागवलं आणि पंतांच्या हाती दिलं.

"खातं दिलं," ते म्हणाले. "आता आधी हे शेत उपसा."