एकच अंगठा ओळखणारं दार

एका गावात एक अच्युतराव होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पण हात अजून शिवशिवत. आपलं घर आपल्या हुकमात वागावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. माणूस खोलीत आला की दिवा लागावा, गेला की विझावा, सगळे बाहेर पडले की दाराला आपोआप कुलूप लागावं. दोन महिने ते आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढत बसले. स्वयंपाकघरातल्या दिव्याची जागा त्यांनी सात वेळा खोडली. तिथं रोज उभ्या राहणाऱ्या बायकोला, कुमुदिनीबाईंना, मात्र एकदाही विचारलं नाही.

"अहो, मला एकदा विचारा तरी," त्या म्हणत.

"अगं, तुला काही करावंच लागणार नाही. मग विचारायचं काय?"

पुढच्या दाराला अंगठा ओळखणारं कुलूप बसलं. ते अच्युतरावांचा अंगठा ओळखायचं. "तुझा उद्या घेतो," असं ते आठ दिवस म्हणत होते. मागच्या दारालाही तसलंच बसवायचं होतं, पण तिथं कुमुदिनीबाई हटून बसल्या आणि जुनं कुलूप राहिलं.

"नव्या कुलपाच्या किल्ल्या आल्यात ना? एक शेजारी यमुताईंकडे ठेवू या," त्या म्हणाल्या.

"एवढं हुशार कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारी ठेवायची? लोक हसतील!" असं म्हणून अच्युतरावांनी दोन्ही किल्ल्या कपाटात नीट ठेवून दिल्या.

रविवारी संध्याकाळी त्यांनी आळीतल्या सात-आठ जणांना खीर खायला बोलावलं. कुमुदिनीबाईंनी दूध मंद आचेवर आटवत ठेवलं. दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. लोकांनी माना डोलावल्या. अच्युतराव इतके खुशीत होते की, सकाळी तापल्या हत्यारानं शेवटची तार जोडताना अंगठा पोळला होता हेही ते विसरून गेले.

"खरी गंमत बाहेरून बघा! कुमुद, तूही ये."

सगळे अंगणात आले. दार मिटलं, कुलूप खट्कन लागलं. टाळ्या पडल्या.

अच्युतरावांनी ऐटीत अंगठा टेकवला. कुलपावरचा दिवा लाल झाला. त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. अंगठ्यावर टपोरा फोड आला होता आणि दार काही मालकाला ओळखायला तयार नव्हतं.

"फोनवरूनही उघडतं म्हणालात ना?" कुणीतरी विचारलं.

"उघडतं. फोन आत चार्जिंगला आहे."

"किल्ली?"

"कपाटात."

कपाट कुठे आहे, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. लोक हसू लागले. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला.

"अहो, गॅस चालू आहे!" कुमुदिनीबाई ओरडल्या.

अच्युतरावांनी फोडासकट अंगठा पुन्हा दाबला. पुन्हा लाल. दोन माणसांच्या घराच्या दाराला आपण एकच अंगठा शिकवला, हे त्यांना आत्ता उमगलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

यमुताईंनी शांतपणे कमरेचा जुडगा काढला. "मागच्या दाराची आहे माझ्याकडे. वहिनींनी केव्हाची देऊन ठेवलीय."

मागचं दार उघडलं. गॅस बंद झाला. पातेलं कोळसा झालं होतं, पण घर वाचलं. पाहुण्यांनी कोरा चहा घेतला आणि खिरीपेक्षा जास्त मजेत घेतला.

दुसऱ्या दिवशी अच्युतराव कोरा कागद घेऊन स्वयंपाकघरात बसले. "बोल," ते म्हणाले.

"भाजी निवडताना मी एका जागी बसते, तर तुमचा दिवा विझतो. मला इथं साधं बटण द्या. न्हाणीघराच्या वाटेवरचा मात्र आहे तसाच ठेवा. तो फार छान केलात हो."

अच्युतरावांचा चेहरा खुलला. त्यांनी आधी कुमुदिनीबाईंचा अंगठा दाराला शिकवला. मग नवी किल्ली घेऊन ते स्वतःच यमुताईंकडे निघाले.

"लोक हसतील हं," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"हसू देत," अच्युतराव म्हणाले. "आत बसून हसतील."

तात्पर्य: ज्यांच्यासाठी सोय करायची, त्यांना आधी विचारावं; न विचारता केलेली सोय एक दिवस आपल्यालाच दाराबाहेर उभं करते.