आजन्म हमी

नाशिकच्या एका गिर्यारोहण मंडळाची मोहीम हिमालयात निघायला पंधरा दिवस उरले होते आणि सॅक कोणती घ्यायची यावर बैठक अडून बसली होती. गेल्या वर्षी बर्फाच्या उतारावर विलास गोवंडेच्या सॅकचा पट्टा उसवला. स्लीपिंग बॅगेसकट सॅक दरीत गेली आणि विलास त्या थंडीतून परत आला नाही. यंदा त्याची धाकटी बहीण शालन निघाली होती.

अध्यक्ष भास्करराव पटवर्धनांनी एक चकचकीत परदेशी सॅक टेबलावर ठेवली. "ही घ्या! कंपनीची आजन्म हमी आहे. पट्टा तुटला तर नवी सॅक घरपोच!"

शालनने सॅक उलटी केली आणि पट्ट्याच्या मुळाशी अंगठा फिरवला. "इथे एकेरी शिवण आहे, सर. मला साधी चालेल, पण दुहेरी शिवणीची हवी."

"अगं, हे काय शिंप्याचं दुकान आहे? आजन्म म्हणजे आजन्म!"

"जन्म कुणाचा धरायचा, सर? सॅकचा की माझा?"

"तुझाच की!" भास्करराव हसले.

"मग वर बर्फात पट्टा तुटला की हमीही तिथेच संपली," शालन शांतपणे म्हणाली. "नवी सॅक घरपोच येईल खरी. दार आई उघडेल."

भास्कररावांनी चष्मा चढवला आणि सॅक तिच्यापुढे सरकवली.

"दुहेरी शिवण कशी ओळखायची, ते दाखव मला."